भरतीच्या मैदानावर डॉक्टर कधी उतरणार?

पहाटे पाचला तालुक्याच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर उभे राहा. पोलीस भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतील. शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. त्यात आपल्या वस्त्यांमधले किती असतात, हे सांगायला आम्हाला आकडेवारी लागत नाही. ना जमीन, ना धंदा. अशा घरात शरीर हेच भांडवल.

ते मोडलं की काय होतं? आमच्या वस्तीतल्या एका पोराचा गुडघा कबड्डीत पिरगळला. 'कट्' असा आवाज आला, दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एवढं ऐकूनच लिगामेंट तुटल्याची शंका यायला हवी होती. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत, म्हणून गोळ्या आणि क्रेप बँडेज देऊन घरी पाठवलं. पण एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही! गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहायची, ही लॅकमन चाचणी. तिला यंत्र लागत नाही, शिकलेला हात लागतो. पोरगं तसंच पळत राहिलं, आतली गादीही फाटली. भरती हुकली ती हुकलीच.

त्या तरुण डॉक्टरला आम्ही दोष देत नाही. त्याला हे शिकवलं कुणी? 2021 च्या नियमांनुसार इंटर्नशिपच्या 52 आठवड्यांत अस्थिरोग आणि पुनर्वसन मिळून 2 आठवडे. तेही अपघाताच्या फ्रॅक्चरमध्येच जातात. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर उभं राहिलं, चांगलंच झालं. पण गावच्या पोरानं दिल्ली गाठायची का?

गुडघ्यावरच थांबत नाही हे. 2024 मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या 10 किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवारांचा जीव गेला. कारणांवरून राजकारण रंगलं. आमचा प्रश्न साधा आहे. धावता धावता कोसळलेल्या माणसाच्या शरीराचं तापमान 40 अंशांवर गेलं असेल, तर आधी बर्फाच्या पाण्यात थंड करायचं, मग दवाखान्यात हलवायचं. मैदानावरच्या किती डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलेलं असतं?

काही जण म्हणतील, टीबी-कुपोषणाच्या देशात खेळाचे डॉक्टर ही चैन आहे. क्रिकेटपटूच्या खांद्यासाठी ती चैन नसते, आमच्या पोराच्या गुडघ्यासाठी मात्र असते! पळवणकर बाळूंची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती, चहा मात्र त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात मिळत होता. आमचा घाम चालतो, त्या घामामागच्या देहाची काळजी कुणाला नको असते.

आणि यासाठी नवं कॉलेज किंवा नवा कायदा लागत नाही. इंटर्नशिपमध्ये सामाजिक वैद्यकशास्त्राचे 12 आठवडे आहेतच. त्यातले काही दिवस इंटर्नना भरतीच्या सरावाच्या मैदानावर, तालमीत, कबड्डीच्या स्पर्धेत पाठवा. सोबत शिकवणारा अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट हवा. नुसती हजेरी नको. मुलींचं हिमोग्लोबिनही तिथेच तपासा, रिकाम्या पोटी धावणाऱ्या किती निघतात ते कळेल.

एमबीबीएसला असलेल्या आपल्या भावा-बहिणींनो, ही मागणी तुम्ही आधी मांडा. तुमच्यापैकी अनेकांचा भाऊ, चुलतबहीण त्याच डांबरी रस्त्यावर धावत असते. पुढची भरती निघण्याआधी जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे निवेदन गेलं पाहिजे. सह्या गोळा करायला आम्ही येतो.

जय भीम!