घड्याळातला सेल आणि सोन्याची सहा नाणी

तलासरीला आमच्या थोरल्या बहिणीचे घर आहे. गेल्या महिन्यात तिच्याकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच खिडकीत बसलेली आमच्या भाच्याची दहा वर्षांची मुलगी मान वर न करताच म्हणाली, "जयभीम मामाआजोबा, जरा थांबा, मी उंदराशी लढतेय." उंदराशी लढणारे घरोघरी असतात, पण हिच्या हातात झाडू नव्हता. विटेसारखे एक करडे यंत्र होते. ते आम्ही तात्काळ ओळखले. याच यंत्रापायी १९९६ साली याच घरात एका दिवसाची मजुरी बुडाली होती.

तेव्हा आपला भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. आमच्या मेहुण्यांचे एक स्नेही डहाणूचे, मालवाहू जहाजावर खलाशी होते. त्यांनी परदेशी बंदरातून हे 'गेम बॉय' नावाचे यंत्र आणि त्यात घालायची मारिओची एक कॅसेट आणली. त्यांच्या स्वतःच्या मुलांनी चार दिवसांत कंटाळून टाकून दिली आणि ती आमच्या भाच्याकडे आली. भाचा त्या वेळी बारा वर्षांचा. आमच्या घरात तोवर खेळ म्हणजे गोट्या, विटीदांडू, नाहीतर डहाणूच्या कारखान्यांतले फुगे. त्यामुळे पंचक्रोशीतली सगळी पोरे आठवडाभर बहिणीच्या ओटीवर ठाण मांडून होती.

या यंत्राचा कर्ता गुनपेई योकोई नावाचा जपानी गृहस्थ. १९६५ साली तो निन्टेंडो कंपनीत लागला तो यंत्रदुरुस्तीच्या कामावर. कंपनी तेव्हा पत्ते छापत असे आणि पत्ते बनविणारी यंत्रे चालू ठेवणे हे याचे काम. फावल्या वेळात त्याने एक गमतीचे खेळणे केले, ते मालकाच्या नजरेस पडले आणि गडी खेळणी बनविण्याच्या खात्यात गेला. त्याचे म्हणणे असे की, नवी महागडी यंत्रविद्या कशाला? जुनी, स्वस्त झालेली, सर्वांना कळलेली वस्तू घ्या आणि तिचाच नवा उपयोग शोधा. म्हणून १९८९ च्या गेम बॉयमध्ये रंग नाहीत, नुसत्या चार छटा. पडद्याला स्वतःचा उजेडही नाही. खिडकीत बसावे, नाहीतर ट्यूबखाली. लाईट गेली की खेळ आपोआप बंद. आयांना याहून सोयीचे यंत्र कोणी दिले नसेल!

मारिओचा यावरचा पहिला खेळ १९८९ चा. आमच्या घरी आला तो त्याचा पुढचा भाग, १९९२ चा, 'सिक्स गोल्डन कॉइन्स', म्हणजे सोन्याची सहा नाणी. पुढे जगभर त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. गोष्ट साधी आहे. पहिल्या खेळात मारिओ परमुलखात लढायला गेलेला असतो. तो घरी नाही असे पाहून वारिओ नावाचा गडी त्याचा वाडा बळकावतो. जपानीत 'वारुई' म्हणजे वाईट, त्यावरून वारिओ. वाड्याचा दरवाजा सहा नाण्यांवाचून उघडत नाही आणि ती नाणी सहा मुलुखांतल्या सहा मुख्य शत्रूंकडे असतात. या मुख्य शत्रूला पोरे 'बॉस' म्हणतात. कारखान्यातल्या बापाला हा शब्द वेगळ्या कारणाने ठाऊक असतो.

मालक घरी नसताना जागा बळकावणे ही गोष्ट तलासरीच्या पोराला समजावून सांगावी लागत नाही. १९४५ साली याच तालुक्यातल्या झरी गावी परिषद भरली आणि वेठीविरुद्ध वारली उठले, त्याच्या मुळाशी हातच्या गेलेल्या जमिनीच होत्या. मेहुणे मात्र तेव्हा हसून म्हणाले होते, "अरे, ज्याच्या मालकीचा अख्खा मुलूख आणि वर वाडा, तो मारिओ तरी कोण? तोही जमीनदारच की!" यावर भाच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशी आजही नाही.

तर या सहा लढाया. झाडावरच्या मुलुखात मोठा पक्षी. अंतराळात तातांगा, हा पहिल्या खेळातला मुख्य खलनायक, येथे पुन्हा उपटतो. अजस्र वस्तूंच्या घरात उंदीर. तो पाइपातून कोठून बाहेर पडेल याचा नेम नसतो. आणखी एका मुलुखात तीन डुकरे, एकामागून एक येतात आणि प्रत्येकाची चाल निराळी. समुद्रात अष्टपाद. बहुतेकांच्या डोक्यावर तीनदा उडी पडली की ते संपले. तीनच उड्या, पण त्या कधी मारायच्या हे कळायला दिवस जातात. अंगावर धावून जाणारे पोर पहिल्या फटक्यात मरते. जे पोर आधी गप्प राहून शत्रू किती पावले चालतो, कोठे वळतो, केव्हा दमतो हे बघते, ते जिंकते. आम्हाला या खेळाचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठीच.

भोपळ्यांच्या मुलखात चेटकीण असते. ती मारली त्या संध्याकाळी भाचा ओटीवरून ओरडत आत आला, "आजी, मी भुताळी मारली!" आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, चुलीपुढे बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. जेवणे झाल्यावर त्यांनी पोराला जवळ बोलावले आणि आपल्या माहेरची हकीकत सांगितली. पाड्यावरची एक विधवा बाई, दोन पोरे तापाने गेली, भगताने तिच्याकडे बोट दाखविले आणि रात्रीतून तिला गाव सोडावे लागले. "ती कोणाला खात नव्हती रे," आजी म्हणाल्या, "तिच्याकडे दोन शेळ्या होत्या, त्या मागाहून दुसऱ्याच्या दावणीला दिसल्या." हा रोग कोणा एका जातीजमातीचा नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्यात एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणे हा गुन्हा आहे. खेळात चेटकीण आजही आहे. नातीला आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "पप्पांनी सांगितलंय, हिला नुसती बॉस म्हणायचं." इतके पुरे आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला मुळीच रुचत नाही. खेळात जुगाराचा एक अड्डा आहे. वाटेत गोळा केलेली नाणी लावून चक्र फिरवायचे. सर्वांत मोठा डाव ९९९ नाण्यांचा. मटक्याने ज्यांची घरे धुतली त्यांच्या पोरांना हा नाद हसतखेळत का लावावा?

आता त्या बुडालेल्या मजुरीविषयी. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागतात. नवे घातले तर दहा-पंधरा तास, फार तर थोडे अधिक. एवढा खर्च आमच्याकडे कोणाला परवडणार? पोरे सेल उन्हात तापवीत, दाताने चावीत, पुन्हा घालीत. भाच्याने पाच नाणी मिळविली आणि रात्री सेल मान टाकू लागले. पडदा फिका झाला. पठ्ठ्याने भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला.

घड्याळ दोन वाजून दहा मिनिटांवर थांबले. मेहुणे उंबरगावच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जात. नाक्यावर पहाटे गाडी येई. डोळे उघडले तेव्हा उजाडले होते. दिवसाचा खाडा तर पडलाच, वर हजेरीचा भत्ता गेला. आणि त्याच रात्री, अंधुक पडद्यावर, भाच्याची शेवटची लाईफ गेली होती. या खेळाची ही दुष्ट रीत आहे: सगळ्या लाईफ संपल्या की मिळविलेली सारी नाणी परत त्या त्या बॉसकडे जातात. पाचही लढाया पुन्हा.

बहिणीने हात उगारला. मेहुण्यांनी तिला थांबविले. त्यांनी पोराला समोर बसवून एवढेच विचारले, "तुझी किती गेली?" "पाच." "माझी सांगू?" आणि महिन्याचा हिशेब वहीवर मांडून दाखविला: तांदूळ, रॉकेल, दुकानाची उधारी, शाळेची फी. मग यंत्र ट्रंकेत घातले, वार्षिक परीक्षेपर्यंत. आम्ही तेव्हा मुलाची बाजू घेऊन बहिणीशी वाद घातला होता, खेळच तो, एवढे काय, वगैरे. सकाळची गाडी चुकणे म्हणजे काय ते आम्हाला, कचेरीत अकराला पोहोचणाऱ्यांना, काय कळणार!

त्या महिन्यांत भाच्याने जे केले ते आम्हाला यंदा समजले. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याने प्रत्येक बॉसची चाल आठवून लिहून ठेवली होती. "डुकर नंबर दोन उंच उडतो, खालून जाणे." वारिओसाठी तीन पाने: पहिल्या दालनात तो धपकन आपटला की छताचे दिवे पडतात, दुसऱ्यात गाजर खाऊन कानांनी तरंगतो, तिसऱ्यात आगीचे गोळे फेकतो. म्हणजे मारिओचीच अस्त्रे मारिओवर. हे तिसरे पान कोरे होते, कारण तो तेथवर पोहोचलाच नव्हता. परीक्षा संपल्यावर ते भरलेले दिसते. शाई निराळी आहे.

खेळ जपून ठेवण्यासाठी कॅसेटीत एक चपटा सेल असतो. तो वर्षानुवर्षे चालतो, पण कधीतरी संपतोच, आणि त्याबरोबर साठवलेला खेळही पुसला जातो. भाच्याच्या कॅसेटीतला असाच गेला. डहाणूला मोबाईल दुरुस्तीवाल्याने डाग देऊन नवा बसविला. भाचा घरी येऊन कॅसेट लावून पाहतो तो तिन्ही घरे रिकामी. त्याची १९९६ ची नाणी, जिंकलेला वाडा, सारे गेले. तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला, मग मुलीकडे यंत्र देऊन वही शोधायला माळ्यावर चढला.

नातीची आम्ही असतानाच चार नाणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून "गेली!" अशी आरोळी आली. चारही गेली होती. तिने डोळे पुसले, वहीत काहीतरी खरडले आणि बापाकडे सेल मागितले.

आतून आमच्या बहिणीचा आवाज आला, "आधी घड्याळ बघा रे कोणीतरी."