कुकर दादालाही लावू दे ना!

आसनगावहून सकाळची लोकल पकडणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या बॅगेत डबा असतो. तो भरतं कोण? साडेचारला उठलेली आई. ती आजारी पडली की ताई. ताईचं लग्न झालं असेल तर धाकटी बहीण. या यादीत 'दादा' कधी येतो?

मागच्या पावसाळ्यात आईला टायफॉइड झाला. आठवीतली माझी बहीण चाचणी परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि बावीस वर्षांचा मी मोबाइल चाळत डब्याची वाट बघायचो. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. तिसऱ्या दिवशी तिचं भाजलेलं बोट दिसलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटं ८८. हात न लावणारे तर यात धरलेलेच नाहीत!

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं. तेव्हा त्याचं खूप कौतुक झालं. माझी बहीण त्याच पुस्तकावर शिकली. पुस्तकातले बाबा भाजी निवडत होते, घरातला दादा मात्र ताटावर बसूनच होता.

'पोरांना गॅसजवळ नको, भाजतील,' असं घरचे म्हणतात. काळजी खरी आहे. पण त्याच वयाच्या पोरीला 'जरा चहा टाक गं' म्हणताना ती कुठे जाते? शिकवायचं तर दोघांना, आणि बेताबेताने. सात-आठ वर्षांच्या मुलाला मटार सोलता येतात, तांदूळ निवडता येतात. दहाव्या वर्षी कोशिंबीर जमते. बारा-तेराव्या वर्षी मोठं माणूस शेजारी उभं राहिलं तर वरण-भाताचा कुकरही लावता येतो. आणि हो, याला 'आईला मदत' म्हणू नका. जेवण सगळ्यांचं, तर काम आईचं एकटीचं कसं?

उद्या नोकरीसाठी ठाण्या-पुण्यात खोली घेऊन राहावं लागेल, तेव्हा रोज वडापाव आणि मॅगीवर दिवस काढणं खिशालाही परवडणार नाही आणि पोटालाही.

आता रविवारचा स्वयंपाक मी करतो. वरण जमतं. भाकरीची उकड अजून बिघडते, थापताना कडा फाटतात. बहीण हसते आणि अभ्यासाला बसते.

या रविवारी तुम्ही कुकर लावा. आणि घरातल्या लहान भावाला शेजारी उभं करा. तो बघून शिकेल, जसे आपण बसून खायला शिकलो.