दिवेलागणीचा संयम

बीडहून परळीकडे जाणाऱ्या मार्गावर वडवणी लागते. परळीचे औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यातले. तरीही 2005नंतरच्या वर्षांत येथील गावांनी भारनियमनाचा अंधार सोसला. पुढे जुलै 2015मध्ये दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्रच बंद ठेवावे लागले. विजेला कोळशाइतकेच पाणीही लागते, हा धडा बीड जिल्ह्याने तहानलेल्या अवस्थेत घेतला.

भारनियमनाच्या त्याच काळात ‘अक्षय प्रकाश योजना’ आली. अट साधी होती. संध्याकाळी गावाने शेतीपंप आणि जड यंत्रे बंद ठेवावीत, म्हणजे घरातील दिवे-पंखे चालू राहतील. एकाने लपूनछपून पंप लावला, तर साऱ्या गावाचा दिवा धोक्यात येई. कायद्याच्या बडग्यापेक्षा गावाचा शब्द तेथे अधिक मोलाचा होता.

आज परिस्थिती पालटली आहे, प्रश्न मात्र तोच आहे. दुपारी सौरऊर्जा मुबलक मिळते. सूर्य मावळताच ती आटते आणि नेमकी तेव्हाच घरोघरची मागणी वाढते. ही तूट कोळसा व पाणी खर्चून किंवा महागडी वीज विकत घेऊन भरावी लागते. म्हणूनच केंद्राच्या 2023च्या नियमांनी दिवसा स्वस्त आणि मागणीच्या वेळी महाग, हे तत्त्व स्वीकारले.

महानगरे झगमगत असताना वडवणीच्या गृहिणीनेच संयम का पाळावा? प्रश्न रास्त आहे. वीजगळती आणि चोरी रोखण्याच्या दायित्वातून शासनाची सुटका नाही. परंतु शेजारी चुकतो म्हणून आपण कर्तव्य सोडावे, ही आपली रीत नव्हे. पंच परिवर्तनात पर्यावरण आणि नागरी कर्तव्य यांचा समावेश आहे, तो केवळ बौद्धिकात ऐकण्यासाठी नव्हे.

मुलांच्या अभ्यासाचा दिवा विझवा, असे कोणी म्हणत नाही. पण हजार वॅटची एक इस्त्री नऊ वॅटच्या शंभराहून अधिक दिव्यांइतकी वीज ओढते. इस्त्री, पाण्याची मोटर, धुलाई यंत्र ही कामे सहा ते दहा या वेळेतून काढून शक्यतो दुपारी वा सुटीच्या सकाळी उरकता येतील. एका घराने हे केले तर फरक जाणवणार नाही. हजार घरांनी प्रत्येकी एक किलोवॉट भार टाळला, तर एक मेगावॉट मागणी उतरते.

गावाने एकेकाळी हा शब्द पाळून दाखविला आहे. आता तो घराने पाळायचा आहे, आणि प्रारंभ कार्यकर्त्याच्या घरापासून व्हावा.