बचावपटूची दुहेरी झुंज

व्हँकूव्हर येथे २०१० मध्ये झालेल्या हिवाळी ऑलिंपिकचा अखेरचा आठवडा अमेरिकेच्या अँजेला रुजेरोसाठी विलक्षण ठरला. तेथे जमलेल्या देशोदेशींच्या खेळाडूंनी मतदान करून तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून दिले. त्याच आठवड्यात महिला आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात तिच्या संघाला कॅनडाकडून ०-२ अशी हार पत्करावी लागली. आणि ज्या समितीचे दार तिच्यासाठी उघडले होते, तिचेच अध्यक्ष जॅक रॉग यांनी, सुधारणा झाली नाही तर महिला आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये अशीच चालू ठेवता येणार नाही, असा इशारा दिला. रुजेरोच्या कारकिर्दीचे मोल करताना पदकांच्या यादीपेक्षा हा योगायोग अधिक बोलका आहे.

इशारा अनाठायी नव्हता. त्या स्पर्धेत कॅनडाने स्लोव्हाकियाचा १८-० असा, तर अमेरिकेने रशियाचा १३-० आणि चीनचा १२-१ असा धुव्वा उडवला होता. सॉफ्टबॉलचे उदाहरणही ताजे होते. अमेरिकेचे वर्चस्व असलेला तो खेळ २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर कार्यक्रमातून वगळला गेला होता. तथापि, पुरुषांच्या इतिहासाकडे या चर्चेत सोयीस्कर दुर्लक्ष झाले. १९२४ मध्ये शामोनी येथे कॅनडाच्या पुरुष संघाने चेकोस्लोव्हाकियाला ३०-०, स्वीडनला २२-० आणि स्वित्झर्लंडला ३३-० असे लोळवले होते. म्हणून पुरुषांची आइस हॉकी ऑलिंपिकमधून गेली नाही. तिला दशकांची मुदत मिळाली. महिलांच्या खेळाला मात्र प्रवेशानंतर अवघ्या बारा वर्षांत खुलासा मागण्यात आला.

रुजेरो त्या प्रवेशाचीच साक्षीदार. ३ जानेवारी १९८० रोजी कॅलिफोर्नियात जन्मलेली ही मुलगी बर्फाचा मागमूस नसलेल्या सिमी व्हॅलीत वाढली आणि मुलांच्या बरोबरीने हॉकी शिकली. पुढे खेळासाठी तिने देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकटमधील शाळेत प्रवेश घेतला. १९९८ मध्ये नागानो येथे महिला आइस हॉकीचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला, तेव्हा अठरा वर्षांची रुजेरो अमेरिकन संघातील सर्वांत लहान खेळाडू होती. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे नमवले. त्यानंतर २००२ मध्ये रौप्य, २००६ मध्ये ब्राँझ आणि २०१० मध्ये पुन्हा रौप्य. चार ऑलिंपिक, चार पदके. सुवर्ण मात्र पहिलेच. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिने चार सुवर्णपदके मिळवली.

बचावपटूचे काम सहसा धावफलकावर दिसत नाही. शिवाय महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत अंगाची धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला पाडण्यास मनाई असल्याने बचाव करायचा तो जागा अडवून, कोन साधून आणि स्टिकच्या टोकाने चकती हिरावून घेऊन. भक्कम शरीरयष्टीच्या रुजेरोने ही कला आत्मसात केली आणि आक्रमणातही हातभार लावला. २००२ व २००६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ती सर्वोत्तम बचावपटू ठरली. हार्वर्ड विद्यापीठाकडून खेळताना २००४ मध्ये तिला अमेरिकन महाविद्यालयीन महिला हॉकीतील सर्वोच्च मानाचा पॅटी काझमायर पुरस्कार मिळाला. हा मान एरवी गोल करणाऱ्यांच्याच वाट्याला अधिक येतो.

एवढे सारे होऊनही या खेळावर पोट भरण्याची सोय नव्हती. जानेवारी २००५ मध्ये तुलसा ऑइलर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाकडून ती एक सामना खेळली. उत्तर अमेरिकेत पुरुषांच्या व्यावसायिक लीग सामन्यात गोलरक्षकाव्यतिरिक्त अन्य जागी खेळणारी ती पहिली महिला. त्याच संघात तिचा धाकटा भाऊ बिल गोलरक्षक होता. बातमी जगभर गेली. पण भाऊ ज्या लीगमध्ये रोजगार मिळवत होता, तेथे बहिणीची हजेरी हा एका रात्रीचा विक्रमच राहिला. डिसेंबर २०११ मध्ये ती निवृत्त झाली. अमेरिकन महिला संघाने बहिष्काराचा इशारा देऊन मानधनवाढीचा करार पदरात पाडून घेतला तो मार्च २०१७ मध्ये. तोपर्यंत खेळाडूंना ऑलिंपिकच्या सुमारास केवळ सहा महिने, दरमहा एक हजार डॉलर मिळत असत.

रॉग यांच्या इशाऱ्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने दुबळ्या संघांसाठी मार्गदर्शनाची योजना आखली. २०१४ मध्ये सोची येथे पहिल्या चार मानांकित संघांना एकाच गटात टाकण्यात आले. त्यामुळे एकतर्फी सामने घटले, पण ही सुधारणा की झाकपाक, हा प्रश्न रास्त आहे. २०२२ मध्ये बीजिंगला संघांची संख्या आठवरून दहा करण्यात आली, हा मात्र विश्वासाचा स्पष्ट पुरावा. याचे श्रेय एकट्या रुजेरोला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलाशी या खेळातील एक खेळाडू आठ वर्षे बसलेली होती आणि २०१६ ते २०१८ या काळात ती खेळाडू आयोगाची अध्यक्षही होती, हे नजरेआड करता येत नाही. २०१५ मध्ये टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारी ती चौथी महिला ठरली.

मूळ दुखणे मात्र बरे झालेले नाही. १९९८ ते २०२२ या काळातील सातही सुवर्णपदके कॅनडा आणि अमेरिका यांनीच वाटून घेतली. सातपैकी सहा अंतिम सामनेही याच दोघांत झाले. अपवाद २००६ चा, जेव्हा स्वीडनने उपांत्य फेरीत रुजेरोच्याच संघाला धक्का दिला. १ जानेवारी २०२४ रोजी महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि किमान ३५ हजार डॉलरचे वार्षिक वेतन ठरले. पण तिचे सर्व संघ याच दोन देशांतील शहरांचे आहेत. फिनलंड वा चेक प्रजासत्ताकातील गुणी बचावपटूला या लीगमध्ये खेळायचे, तर अटलांटिक ओलांडावाच लागतो.