गोल्फचं मैदान आणि आमचं गायरान

विष्णुपुरीतल्या उर्दू-मराठीच्या मास्तरानं गोल्फवर लिहिलंय म्हटल्यावर मित्र हसतील. हसू द्या. गोल्फची काठी मी कधी हातात धरलेली नाही. पण स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावरच्या आस्करनिश मैदानाची गोष्ट वाचली आणि मला माझी दादी आठवली.

समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांवर आखूड गवत उगवतं. अशा जमिनीवरच्या गोल्फच्या मैदानाला 'लिंक्स' म्हणतात. आस्करनिशचं लिंक्स 1891 मध्ये टॉम मॉरिस या नामांकित खेळाडूनं आखलं. पुढे त्याचा मोठा भाग गवतात आणि विस्मरणात गेला. 2005 मध्ये गॉर्डन अर्विन हे मैदानांचे जाणकार तिथं पोचले, त्यांना जमिनीच्या चढ-उतारांत जुनं मैदान दिसलं. बेटावरच्या लोकांनी हात लावला, फारशी खोदाखोदी न करता 2008 मध्ये ते पुन्हा खुलं झालं.

इथवर सगळं गोड. पण ती जमीन म्हणजे तिथल्या लहान शेतकऱ्यांचं सामायिक चराऊ रान. आपल्या भाषेत गायरान. काहींनी विरोध केला, प्रकरण जमीन न्यायालयापर्यंत गेलं. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण एकोणिसाव्या शतकात याच बेटाचा मालक कर्नल गॉर्डन यानं शेकडो गरीब कुटुंबांना घराबाहेर काढून कॅनडाला धाडलं होतं. 1891 चं मैदान झालं ते त्याच्या सुनेच्या पुढाकारानं. मग 'आपला वारसा' म्हटल्यावर त्या शेतकऱ्यानं विचारायचं नाही का, की कुणाचा वारसा?

फरक पडला तो मालकीत. 2006 मध्ये बेटवासीयांच्या संस्थेनं ती 93 हजार एकरांची इस्टेट विकत घेतली. भांडण राहिलं, पण आता ते घरातलं होतं. आज हिवाळ्यात त्या मैदानावर मेंढ्या आणि गुरं चरतात. जनावरं आली की वारसा खराब होतो म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. लिंक्सचं गवत आखूड राखण्याचं काम पिढ्यानपिढ्या मेंढ्यांनीच केलं आहे.

आपल्याकडे गायरानासाठी भूमिहीनांनी दादासाहेब गायकवाडांच्या मागं 1959 मध्ये सत्याग्रह केला. तरी सामायिक जमिनीवर काही नवं करायचं ठरलं की आधी तार येते, विचारणा नंतर, तीही आली तर. लहानपणी आमच्या माळाला अशीच तार लागली. कशासाठी, हे दादीला कुणी सांगितलं नाही. तिला एवढंच कळलं की शेळ्या आता न्यायच्या नाहीत. महिनाभरात तिनं दोन विकल्या. तिसरी दारात बांधून ठेवली, तिला पाला आणायला मी जायचो.

मी जीर्णोद्धाराच्या विरोधात नाही. मराठवाड्यातल्या बारवा उपसल्या जाव्यात, किल्ल्यांच्या पडक्या भिंती सावराव्यात, जुनी मैदानं पोरांना मिळावीत. पण पहिली बैठक कंत्राटदाराबरोबर नको. त्या जागेवर रोज पाय ठेवणाऱ्यांबरोबर व्हावी. त्यात शेळ्यावाली बाई असावी, आणि तिला खुर्ची मिळावी.

आणि काम झाल्यावर जो फलक लागेल, त्यावर राजाचं नाव जरूर लिहा. त्याखाली एक ओळ आणखी लिहा : इथं गावाची जनावरं चरत होती आणि अजूनही चरतात.