गाडीआधी तिची फाइल

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या. सगळ्यांची मिळून किंमत जवळपास ६५ कोटी. स्टेट बँकेने त्यासाठी सात टक्के व्याजाने कर्ज दिलं, आणि मर्सिडीजला सात टक्के तर ट्रॅक्टरला त्याहून जास्त का, हा पत्रकार पी. साईनाथ यांचा प्रश्न तेव्हा बराच गाजला. आता ते शहर छत्रपती संभाजीनगर झालं आहे. त्या गाड्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षंही २०२५ च्या अखेरीस भरली.

सरासरी काढली तर त्यातली एक गाडी ४३ लाखांना पडली होती. त्या वयाची मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशांत मिळते. मीटरवर दीड-दोन लाख किलोमीटर दिसत असतील तर त्याहूनही कमी पैशांत. पुण्या-मुंबईतल्याच नव्हे, तर सांगली, नाशिक, लातूरच्या तरुणांच्या मोबाइलवरही रोज अशा गाड्यांचे फोटो फिरतात. लहानपणी जी गाडी सिग्नलला उभं राहून पाहिली, ती दारात उभी करता येते आहे, या हौसेत खोटं काही नाही. घाटात आणि लांबच्या पल्ल्यावर ही वाहनं आजही ज्या ठामपणे रस्ता धरतात, ते नव्या छोट्या गाडीला जमत नाही. म्हणूनच हिशेब नीट समजून घेण्याची गरज आहे.

स्वस्त होते ती गाडी. तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. ४३ लाखांची गाडी सहा लाखांना विकली गेली, तरी तिचा हेडलाइट ४३ लाखांच्या गाडीचाच राहतो. घेणारा मात्र मनात सहा लाखांच्या गाडीचा खर्च धरून बसतो: वर्षाला एक सर्व्हिसिंग, अधूनमधून ब्रेक पॅड, चार वर्षांनी टायर. पहिल्या वर्षी गिअरबॉक्स किंवा सस्पेन्शनचं काम निघालं की हा हिशेब कोलमडतो. मग काम अर्धवट होतं, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पेटलेला राहतो, आणि गाडी पुढच्या ग्राहकाच्या गळ्यात जाते.

विम्याचा आधार वाटतो, पण तोही जुन्या गाडीला तोकडाच पडतो. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून निम्मा घसारा कापला जातो. दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याचे आणि धातूच्या भागांचेही निम्मेच पैसे मिळतात. घसारा न कापणारी पॉलिसी इतक्या जुन्या गाडीला सहसा कोणी देत नाही. त्याहून मोठी मेख वेगळीच आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, की गाडी पूर्ण निकामी धरतात. सहा लाख किमतीच्या गाडीसाठी ही मर्यादा साडेचार लाखांची. समोरून बऱ्यापैकी ठोकर बसून दोन एअरबॅग उघडल्या, हेडलाइट, रेडिएटर आणि बॉनेट गेलं, तर कंपनीच्या दरांनी हा आकडा गाठायला फार वेळ लागत नाही. दुरुस्त होण्याजोगी गाडी मग भंगारात जमा होते.

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांचा मोह सर्वांत मोठा. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ मधल्या आदेशांनी तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असं दिल्लीत ठरलं आणि काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. त्या गोंधळात एका मालकाने ८४ लाखांना घेतलेली २०१५ ची मर्सिडीज एमएल अडीच लाखांना विकल्याची बातमी देशभर छापून आली. गाडी जेमतेम एक लाख ३५ हजार किलोमीटर चाललेली होती. पुढे ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई नको असं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती मर्यादित केली.

ही अडीच लाखांची किंमत महाराष्ट्रातल्या माणसाने तशीच वाचली तर फसगत होते. मूळ आरटीओची एनओसी हवी, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद हवी, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहणार असेल तर इथलं पासिंग करून इथला रस्ता कर भरायला हवा. कर्जाचं म्हणाल, तर इतक्या जुन्या गाडीला बहुतेक बँका दारात उभं करत नाहीत. एजंट ‘पेपर क्लिअर आहेत’ म्हणाला म्हणून निम्मे पैसे आधी देणारे लोक कमी नाहीत. एनओसी हातात येईपर्यंत टोकनच्या पुढे जाऊ नये.

आता किलोमीटरचं. आपल्याकडे जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती चाललीय?’ ऐंशी हजार म्हटलं की चेहरा खुलतो, एक लाख ऐंशी हजार म्हटलं की पडतो. ही सवय मोडायला हवी.

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरियोस साखिनिडिस यांनी १९८१ मध्ये एक वापरलेली मर्सिडीज २४० डी घेतली. १९७६ ची ती गाडी तेव्हाच दोन लाख वीस हजार किलोमीटर चाललेली होती. आपल्याकडे तिला कोणी हातही लावला नसता. साखिनिडिस यांनी ती २००४ पर्यंत चालवली, आणि ती मर्सिडीजच्या संग्रहालयाकडे सोपवली तेव्हा मीटरचा आकडा ४६ लाख किलोमीटरवर पोचला होता. एका इंजिनावर हे झालं नाही. इंजिनं उतरली, दुरुस्त झाली, पुन्हा बसली. गाडी टिकली ती त्या देखभालीमुळे.

ती गाडी साधी होती, आजच्या गाड्या तशा नाहीत, हे खरंच आहे. पण म्हणून किलोमीटर हा निकष जास्त उपयोगी ठरत नाही, उलट कमी ठरतो. आजच्या महागड्या गाडीत जे पहिल्यांदा जातं, त्यातलं बरंचसं चालण्याने जात नाही, वयाने जातं. एअर सस्पेन्शनच्या रबरी पिशव्या वर्षं उलटतात तशा तडकतात. रात्री उभी केलेली एस-क्लास किंवा क्यू-सेव्हन सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. गळणारी हवा भरून काढायला कंप्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी जळतो. कूलंटच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि जोड आपल्या उन्हाळ्यात ठिसूळ होतात. सीलं सुकतात, वायरिंगचे कनेक्टर गंजतात. डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमधला काजळीचा फिल्टर तर शहरातल्या चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांनीच तुंबतो. तो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर तापवून पळवावी लागते. बारा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर चाललेली, बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहिलेली गाडी म्हणूनच अनेकदा जास्त धोक्याची. पुणे-नागपूर करणाऱ्या कुणाची वेळेवर तेल बदललेली एक लाख सत्तर हजारांची गाडी तिच्याहून चांगली निघू शकते.

मात्र कोणत्या मॉडेलमध्ये काय जातं, हे घेण्याआधी माहीत हवं. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ च्या सुमाराच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनचा आवाज येऊ लागला तर ती बदलण्यासाठी इंजिनच उतरवावं लागतं. भाग फार महाग नसतो, मजुरी असते. त्याच काळातल्या ऑडी ए-फोरच्या पेट्रोल टर्बो इंजिनाला तेल पिण्याची खोड आहे, त्यामागे पिस्टनच्या रिंगा असतात. २००२ ते २००६ मधल्या ई-क्लासला विजेवर नियंत्रित होणारे ब्रेक होते. त्यांच्या पंपाने ब्रेक किती वेळा लागले हे मोजून ठेवलेलं असतं आणि मर्यादा संपली की तो युनिट बदला म्हणून सांगतो. २००६ नंतरच्या ई-क्लासमध्ये ही यंत्रणा काढून टाकली. दोन्ही गाड्या लांबून सारख्याच दिसतात. किंमतही फार वेगळी नसते. फरक बनण्याचं वर्ष पाहिल्यावर कळतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं शोरूमपासून गॅरेजपर्यंत अनेक जण सांगतात. बीएमडब्ल्यू आणि इतर अनेकांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदला असं सांगते. दीड लाख चाललेल्या गाडीच्या फाइलमध्ये या कामाचं एक बिल आहे की नाही, एवढं पाहिलं तरी मालकाची वृत्ती कळते. बिलं नसतील तर पैसे कापून गाडी घेऊ, हा विचार महागात पडतो. न केलेली कामं कुठे जात नाहीत, ती नव्या मालकासाठी साठून राहतात.

किलोमीटरच्या या भीतीवरच मीटर मागे घेणाऱ्यांचा धंदा चालतो. एक लाख नव्वद हजारांची गाडी लॅपटॉप जोडून नव्वद हजारांची होते, आणि लाखभर रुपये जास्त मिळतात. मीटरचा आकडा फिरला तरी इतर खुणा राहतात. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टीअरिंगचं चामडं गुळगुळीत झालेलं असतं. टायरवरच्या कोडच्या शेवटच्या चार अंकांत बनण्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. चाळीस हजार चाललेल्या गाडीचा तिसरा टायर-सेट असेल तर विचारायला हवं. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये कधी कधी जुना आकडा तसाच राहिलेला असतो. खात्रीचा मार्ग म्हणजे मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर टाकून जुन्या नोंदी पाहणं. सीटखालचे रूळ गंजलेले आणि कार्पेटखाली कुबट वास असेल, तर पुरात बुडालेली गाडी समजून तिथूनच परतावं. निकामी धरलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात आणि त्यातल्या काही धुऊनपुसून दुसऱ्या राज्यात रस्त्यावर येतात.

पण प्रत्येक ग्राहकाने गुप्तहेर व्हावं, ही अपेक्षा बरोबर नाही. बेल्जियमने २००६ च्या अखेरीपासून गाडी विकताना ‘कार-पास’ हे कागदपत्र सक्तीचं केलं. गाडीचं काम करणारं प्रत्येक गॅरेज मीटरचा आकडा कळवतं, आणि विकणाऱ्याला तो सगळा इतिहास ग्राहकाच्या हातात द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिथे नोंदलेला आकडा गाडीचा नंबर टाकून कोणीही पाहू शकतो.

आपल्याकडे त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी करावी लागणार नाही. प्रत्येक गाडी पीयूसी केंद्रावर जाते, प्रमाणपत्र संगणकावर निघतं, नोंद वाहन पोर्टलवर चढते. त्याच वेळी मीटरचा आकडा फोटोसह टाकला आणि तो गाडीच्या नंबरावर सर्वांना दिसू लागला, तर तीन-चार वर्षांत मागे जाणारा आकडा लगेच पकडता येईल. खर्च नगण्य आहे. परिवहन खात्याने हे करायलाच हवं, आणि ग्राहक संघटनांनी त्यासाठी आग्रह धरायला हवा.

सुरुवात रिपासिंगपासून करता येईल. पंधरा वर्षं झालेली गाडी आरटीओत तपासणीला उभी राहते, नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी मिळते. त्याची फी आता पाच हजार आहे, वीस वर्षांनंतर दहा हजार. संभाजीनगरच्या त्या २०१० च्या गाड्यांपैकी ज्या अजून धावत असतील, त्याही याच रांगेतून जातील. इन्स्पेक्टर बॉनेट उघडून चॅसिस नंबर पडताळतो, दिवे आणि ब्रेक पाहतो. त्याच कागदावर मीटरच्या आकड्यासाठी एक रकाना हवा.