हौसेचे निष्क्रिय खाते

गेल्या महिन्यात बाईंकडे गेले होते. बाई म्हणजे आमच्या गाण्याच्या बाई. शाळेत तीस-बत्तीस वर्षे मुलींना संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, आता चौऱ्याऐंशीच्या घरात पोचलेल्या. २०१६ साली न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून पंचवटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या हेच त्यांचे जग झाले. इमारत जुनी, लिफ्ट नाही. गप्पांच्या ओघात मी सहज म्हणाले, "बाई, काय ते लॉकडाउनचे दिवस होते! पुन्हा म्हणून यायला नकोत."

बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तुमचं लॉकडाउन संपलं. माझं कुठं संपलंय? उलट तुम्ही सगळे घरात होतात ना, तेव्हाच मी एकटी नव्हते."

चहा घेऊन मी जिना उतरले, पण ते वाक्य काही मनातून उतरेना. आज हा लेख लिहिते आहे तो त्या वाक्यापायी.

आमचा गट म्हणजे काही नोंदणीकृत संस्था नव्हे. मी चौतीस वर्षे बँकेत काढली. महाराष्ट्रातली हौशी रंगभूमी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की ती जगवण्यात बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांतल्या कारकुनांचा आणि कॅशियरांचा वाटा केवढा मोठा होता. संध्याकाळी कॅश जुळली की डबा पिशवीत टाकून तालमीला पळायचे, आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेला घेऊन काउंटरवर उभे राहायचे. राज्य सरकारच्या नाट्यस्पर्धेच्या नावातच 'हौशी' हा शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पैसा नाही, प्रसिद्धी नाही, तरीही माणूस करत राहतो ती हौस. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर स्वतःचा 'शोले' काढला, तो याच हौसेपोटी.

तर निवृत्तीनंतर आम्ही दहा-बाराजण शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचो. कुणी नाटकाचा प्रवेश वाचायचे, कुणी भावगीत म्हणायचे. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ रविवारी सकाळी गोदाघाटावर बसून जलरंगात चित्रे काढत आणि शनिवारी ती दाखवत. बाई पाय मोडेपर्यंत येत असत. नंतर आम्ही गुरुपौर्णिमेला आणि दिवाळीला त्यांच्याकडे जाऊन येऊ लागलो. आपले कर्तव्य झाले, असेच आम्हाला वाटे.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू झाला, थाळ्या वाजल्या आणि २५ तारखेपासून सारा देश घरात बसला. कालिदास कलामंदिर बंद, सायखेडकर नाट्यगृह बंद, १८४० सालापासूनच्या सार्वजनिक वाचनालयाचेही दार बंद. एरवी मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेसाठी संध्याकाळी गोदाघाटाकडे वळणारी पावले खिडकीपाशी अडली. कुणाच्या तरी सुनेने सुचवले, की फोनवर जमा. पहिला शनिवार म्हणजे निव्वळ फजिती होती. सगळ्यांनी मिळून एक प्रार्थना म्हणायची ठरली. फोनवर आवाज एकेकाकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. इकडे समेवर यावे तर तबला मागे कुठेतरी रेंगाळतोय, तिकडे एकाचे धृपद संपले तर दुसरीचे अजून सुरू व्हायचे आहे! शेवटी नियम केला: एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवायचा.

या नियमाने नकळत एक मोठे काम केले. एरवी आमच्या बैठकीत एक गात असताना दुसरा आपल्या वहीची पाने चाळत असे आणि तिसरी बटाटेवडे किती ते मोजत असे. फोनवर आवाज बंद ठेवल्यावर ऐकण्यावाचून गत्यंतरच उरले नाही. इतकी वर्षे आम्ही एकमेकांपुढे कला सादर करत होतो. ऐकायला मात्र त्या एप्रिलमध्ये शिकलो.

चौथ्या शनिवारी कुणाला तरी बाईंची आठवण झाली. त्यांच्या शेजारच्या मुलीने फोन लावून दिला. चार वर्षांनी बाई बैठकीत आल्या आणि आल्या त्या मास्तरकीसह. "सगळेजण खालच्या सुरात का कुढताय? तानपुरा लावा आधी." पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्याच द्यायच्या. प्रेसवाल्या चित्रकारांचा कागद संपला आणि दुकाने बंद. ते लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आणि जुन्या कॅलेंडरांवर रंगवू लागले. घाट दिसत नाही तर बाईंनी त्यांना सांगितले, "मला तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी काढून दाखवा. मीसुद्धा खिडकीच बघते रोज." त्या खिडकीची त्यांनी पुढे बावीस चित्रे काढली, सकाळची, दुपारची, पावसाची. घाटावरच्या शंभर चित्रांपेक्षा ती मला अधिक आवडतात.

जगभर तेव्हा हेच चालले होते. इटलीत लोक सज्ज्यांत उभे राहून गात होते. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना घरातल्या चादरी-भांड्यांनिशी जुनी प्रसिद्ध चित्रे उभी करायचे आवाहन केले आणि हजारोंनी ते मनावर घेतले. त्यानंतर 'कलेने आम्हाला वाचवले' असे म्हणायची एक पद्धत पडली आहे. मला ते वाक्य खटकते. आम्ही फोनवर भैरवी घोळवत होतो त्याच दिवसांत मुंबईहून निघालेले मजूर कसारा घाट चढून, नाशिकवरून, मुंबई-आग्रा रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन चालत होते. आमच्यातल्या एकाने 'हे बघून मला गाता येत नाही' म्हणून दोन महिने बैठक सोडली आणि तो रस्त्यावर पाणी आणि पुऱ्यांची पाकिटे वाटायला गेला. तो बरोबर होता. आणि २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून किमान २२ रुग्ण दगावले, तेव्हा तर या शहराला गाणे या शब्दाचीच लाज वाटावी अशी अवस्था होती. माणसे वाचतात ती प्राणवायूने, औषधाने, डॉक्टर आणि परिचारिकांच्या कष्टाने. कलेच्या नावावर ते श्रेय जमा करू नये.

मग हौसेने काय केले? तिने हजेरी घेतली. शनिवारी सहाला कोण आले नाही हे लगेच कळायचे. दुसऱ्या लाटेत आमचे एक पेटीवादक स्नेही आले नाहीत, म्हणून रात्री त्यांना फोन केला. एकटे राहणारे गृहस्थ, तीन दिवस तापाने पडून होते आणि कुणाला सांगितले नव्हते. शेजाऱ्यांना उठवले, धावपळ झाली, पुढे ते बरे होऊन घरी आले. त्यांना पेटीने वाचवले असे मी म्हणणार नाही. पण पेटी नसती तर त्यांची गैरहजेरी कुणाच्या लक्षात आली असती?

यथावकाश दारे उघडली. नाट्यगृहे २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली. डिसेंबरात कुसुमाग्रजांच्या नगरीत लांबलेले ९४ वे साहित्य संमेलन भरले, आम्ही सगळे नटूनथटून गेलो, मंडपात एकमेकांना कडकडून भेटलो. शनिवारची बैठक पुन्हा घरी भरू लागली आणि फोनवरची बंद पडली. बाईंना वगळायचे असे कुणीही ठरवले नाही. त्या फक्त राहून गेल्या. माणसांना टाकणे बहुधा असेच घडते. त्यासाठी ठराव करावा लागत नाही.

आमचा फोनवरचा गट अजून आहे. रोज पहाटे त्यावर फुलांची चित्रे आणि शुभ सकाळ येते. बँकेतल्या माणसाला हा प्रकार चांगला ओळखता येतो. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय ठरते. मधल्या काळात बँकेने व्याज जमा केले तरी तो खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. त्याने स्वतः काहीतरी करावे लागते. शुभ सकाळची चित्रे ही त्या व्याजासारखी. ती आपोआप जमा होतात, पण त्यात कुणीच कुणाला काही दिलेले नसते. आणि निष्क्रिय खात्यातले पैसे बुडालेले नसतात, हेही खरे. खातेदाराने ओळख पटवून लहानसा व्यवहार केला की खाते पुन्हा चालू होते.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच, की असा एक लहानसा व्यवहार करा. तुमच्या सोसायटीचा हॉल बाराही महिने कुलपात असेल, तर आठवड्यातून एक संध्याकाळ तो गाणाऱ्या-वाचणाऱ्यांना मोकळा करून द्या, भाडे न घेता. स्पर्धा ठेवू नका, प्रमाणपत्रे तर मुळीच नकोत. लॉकडाउनमध्ये त्यांचा इतका सुकाळ झाला होता की घरटी चार निघतील. आणि बैठक भरेल तिथे स्टुलावर एक फोन उभा करा, जिना उतरू न शकणाऱ्यांसाठी. अशी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. साथ येण्याआधीही ती होती. आपण घरात कोंडले गेलो तेव्हा दीड-दोन वर्षे त्यांच्या शेजारी राहून आलो इतकेच. तिथला पत्ता आता आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे 'कल्पना नव्हती' ही सबब उरलेली नाही.

गेल्या शनिवारी आम्ही स्टुलावर फोन ठेवला. मी एक जुने भावगीत म्हटले. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नेहमीप्रमाणे थोड्या उशिराने फोनमधून आवाज आला, "दुसऱ्या कडव्यात निषाद उतरलाय तुझा. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटले.